त्रिभुवनसर आणि बिनसहीची टीप

कुणाचंही बोलणं संपलं की त्रिभुवनसर त्यावर शिक्का मारत. तोंडी. आमच्या दोह्याच्या ऑफिसात ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. शिक्का पडल्याशिवाय एकही ड्रॉइंग साइटवर जात नसे आणि सगळे शिक्के सरांच्या टेबलावर. 'फॉर कन्स्ट्रक्शन' पडला की त्याप्रमाणे पाइप टाकायचे. 'फॉर इन्फर्मेशन ओन्ली' पडला की बघायचं, मान डोलवायची आणि कपाटात ठेवून द्यायचं. वीसेक वर्षं हे काम केल्यामुळे सरांच्या लेखी जगात दोनच प्रकारची वाक्यं उरली होती. जनरल मॅनेजरने "तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात" असं भाषण केलं, की टाळ्या चालू असताना सर माझ्या कानाशी पुटपुटत, "फॉर इन्फर्मेशन ओन्ली." त्यांचं निदान कधी चुकल्याचं मला आठवत नाही. त्या भाषणानंतर दोन महिन्यांत कुटुंबातली अकरा माणसं घरी गेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नाशिकहून दोह्यात आलो. डिग्री ताजी होती आणि डोकं त्याहून गरम. सर पन्नाशीचे, नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांपासून प्रोटेस्टंट ख्रिस्ती. नाव शमुवेल त्रिभुवन. मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठी इतकं नेटकं की आमच्या बिन महमूद वस्तीतल्या मराठी मंडळींना धक्काच बसायचा. पहिल्याच गणपतीत आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष लेले त्यांना म्हणाले, "तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता हो!" सर अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आणि तुम्ही पुण्याचे असून दुसऱ्याचं कौतुक करता. दोघांनाही आपापल्या लोकांत फार सोसावं लागत असेल." लेल्यांना हा विनोद आहे हे कळायला आरती होईपर्यंत वेळ लागला.

सरांची टिंगल इतरांपुरती नव्हती. त्या काळी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, त्यामुळे त्यांची उपासना शुक्रवारी सकाळी मदिनत खलीफा भागातल्या एका व्हिलात भरायची. चर्चला तेव्हा तिथे परवानगी नव्हती, म्हणून बाहेर पाटी नाही, पडदे ओढलेले, चपलासुद्धा आत नेऊन ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "सर, तुमचा वार तर रविवार ना?" म्हणाले, "रविवारी प्रभू पुनरुत्थित झाला, पण इथे त्याला त्या दिवशी रजा मंजूर नाही." आणि वर, "हसू नकोस. आमच्या लोकांना दिवसांचं वेड जुनंच आहे. पोपने कॅलेंडर दुरुस्त केलं, तर ते पोपचं म्हणून आम्ही शंभर वर्षांहून अधिक काळ घेतलं नाही. सगळं आकाश दहा दिवस पुढे आणि आम्ही आपले तत्त्वनिष्ठ, मागे."

हेच त्यांचं वेड होतं. पोपविरुद्ध बंड करून उठलेला त्यांचा पंथ आणि त्याच सुमाराला फिरू लागलेली पृथ्वी, या दोघांचं एकमेकांशी काय नातं होतं? दर रजेत ते या विषयावरची दोन-तीन जाड पुस्तकं आणत आणि काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, मसाले दुसऱ्या कुणाच्या बॅगेतून येत. बोलताना मात्र ते त्या इतिहासातल्या एकाचंही नाव घेत नसत. "नाव घेतलं की माणूस लगेच भक्त होतो नाहीतर वकील. काम बघ." त्यामुळे आमच्या करक, म्हणजे तिथल्या कडक दुधाळ, चहाच्या गप्पांत सगळी माणसं कामावरून ओळखली जात. बंड करणारा तो जर्मन साधू म्हणजे 'आमचा मूळपुरुष'. पृथ्वी फिरते असं म्हणणारा पोलंडकडचा वृद्ध कॅथलिक धर्माधिकारी म्हणजे 'म्हातारा'. कॅफेटेरियातल्या केरळी पोऱ्यांना वाटे, आम्ही ऑफिसातल्याच कुणाची तरी निंदा करतो आहोत.

गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मूळपुरुषाने जेवणाच्या टेबलावर म्हाताऱ्याची चेष्टा केली होती. हा मूर्ख सगळं खगोलशास्त्र उलटंपालटं करायला निघालाय, असं काहीसं. "पण तेव्हा पुस्तक छापलेलंसुद्धा नव्हतं," सर म्हणत. "न वाचता मत देण्यात आम्ही तुमच्या मंडळाच्याही पुढे होतो." आणि तरीही त्याच मूळपुरुषाच्या विटेनबर्गच्या विद्यापीठातला एक पंचविशीतला गणिताचा प्राध्यापक उठला आणि त्या कॅथलिक म्हाताऱ्याकडे जाऊन दोनेक वर्षं ठाण मांडून बसला. जिथे आमच्या लोकांना पाय ठेवायची बंदी होती, तिथे! म्हातारा तीस वर्षं कागद दाबून बसला होता, त्याला छापायला राजी केलं ते या पोराने. छापलं न्यूरेंबर्गला, तेही आमचंच गाव, छापणाराही आमचाच. म्हणजे पृथ्वी फिरवली कॅथलिकाने आणि तिला छापखान्यापर्यंत ढकलली प्रोटेस्टंटांनी.

"मग अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला," मी म्हणालो.

"थांब, अजून आमचा पाद्री यायचाय."

न्यूरेंबर्गमधल्या एका प्रोटेस्टंट पाद्र्याकडे छपाईची देखरेख होती. माणूस वाईट नव्हता, म्हाताऱ्याचा हितचिंतकच होता. लोक खवळतील या भीतीने त्याने पुस्तकाच्या सुरुवातीला परस्पर एक प्रस्तावना घुसवली: यातलं काही खरं असण्याची गरज नाही, गणित जुळलं की पुरे. खाली नाव घातलं नाही. वाचणाऱ्यांना वाटलं, लेखकच म्हणतोय. म्हातारा तेव्हा अंथरुणावर पडलेला. त्याचा एक बिशप मित्र संतापून तक्रारी करत राहिला, पण गावाच्या कौन्सिलने हात वर केले. "आयुष्यभराचं ड्रॉइंग," सर म्हणाले, "आणि आमच्या माणसाने जाऊन त्यावर फॉर इन्फर्मेशन ओन्ली मारला. भीतीने नव्हे हं, प्रेमाने! प्रेमाने केलेल्या भित्रेपणाला तोड नाही." विटेनबर्गच्या पंडितांनीही मग ती सोय उचलली. म्हाताऱ्याची गणितं घेतली, पृथ्वी साभार परत केली.

आमचा दहाबारा घरांचा एक वाचनकट्टा होता आणि दिवाळीला तो एक झेरॉक्स अंक काढायचा. मराठी फॉन्ट एकट्या माझ्या कॉम्प्युटरवर असल्यामुळे मी संपादक. याहून मोठी पात्रता कट्ट्याने कधी मागितली नाही. दर वर्षी तेच साहित्य यायचं: लेल्यांची स्वित्झर्लंडची सहल, कुणाच्या तरी मुलीने इंग्रजीत लिहिलेली आजीवरची कविता, बिनअंड्याचा केक. त्या वर्षी मी सरांच्या मागे लागून लेख लिहून घेतला. त्यांनी तो पाच महिने लिहिला. ऑफिसच्या ड्रॉइंगांच्या उलट्या बाजूला, बारीक अक्षरात, प्रत्येक पानाला आवृत्ती क्रमांक घालून. सातवी आवृत्ती माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाले, "विनायक, माझ्या नावावर छापून येणारी ही एकच गोष्ट असणार आहे. काना-मात्रा इकडचा तिकडे करू नकोस." मी म्हटलं, "सर, इन्शाल्ला." ते म्हणाले, "इन्शाल्ला नको. हो म्हण." मी हो म्हणालो.

लेख बाहेर यायच्या आधीच त्याच्या बातम्या पसरल्या. लेले खूश झाले. "म्हणजे यांच्या धर्मगुरूंनी विज्ञानाची टिंगल केली होती, छान! तेवढंच ठळक छापा. आणि शेवटी एक वाक्य टाका, की आपल्याकडे हे सगळं आधीच ठाऊक होतं." मी विचारलं, आधीच म्हणजे कधी? तर म्हणाले, "आधीच." इकडे व्हिलातल्या उपासनेचे प्रमुख ब्रदर कुरियन, एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट. त्यांना लेखाचा दुसरा अर्धा भाग हवा होता: प्राध्यापक, छापखाना, आमच्यामुळेच आधुनिक विज्ञान जन्मलं वगैरे. मूळपुरुषाची जेवणातली चेष्टा आणि पाद्र्याची प्रस्तावना गाळून. सर मला म्हणाले, "दोघांनाही अर्धाच लेख पाहिजे. सुदैवाने दोघांचे अर्धे वेगळे आहेत. दोन वेगळे अंक शिवून दे, ज्याचा त्याला."

पण कुरियननी पुढे एक गोष्ट सांगितली आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. त्या व्हिलात दोनशे माणसं जमत, बहुतेक मल्याळी, थोडे तमिळ, थोडे गोवेकर. मराठी घरं चार. सरांनी सहा वर्षं मागे लागून शुक्रवारी अर्धा तास मराठीसाठी मिळवला होता. ते मराठी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा उतारा, वाचत, मग दोन मराठी भजनं होत. कुरियन म्हणाले, "ब्रदर, पहले ये आर्टिकल का क्लॅरिफिकेशन दो. कह दो मजाक में लिखा है. नहीं तो हाफ अवर का सोचना पडेगा." सर म्हणाले, "मजाक में लिखा है, पर सच लिखा है." खलास. दोघेही आपापल्या जागी अडून बसले.

या अर्ध्या तासाचं मोल मला काकूंमुळे माहीत होतं. सरांच्या पत्नी, सुमतीकाकू, कोपरगावच्या. इंग्रजी जेमतेम, मल्याळम शून्य, अरबी म्हणजे आभारापुरतं 'शुक्रन'. मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. आठवडाभर काकू बिन महमूदच्या तिसऱ्या मजल्यावर असायच्या आणि शुक्रवारची वाट बघायच्या. "माझं सगळं बोलणं त्या अर्ध्या तासात होऊन जातं बघ," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "गाताना बोलल्यासारखंच होतं की."

आता माझा पराक्रम. अंकाची मूळ प्रत तयार होती. सरांचा लेख मी अक्षरशः टाईप केला होता. न्यूरेंबर्गच्या पाद्र्याचा परिच्छेद तर दोनदा, कारण पहिल्या वेळी कॉम्प्युटर बंद पडला. इतकं दोनदा वाचून माणसाला काहीतरी कळायला हवं. मला एवढंच कळलं, की सरांचा अर्धा तास वाचवायला हवा. आणि खरं सांगायचं, तर मला माझ्या व्हिसाचीही तितकीच काळजी वाटत होती. परक्या मुलखात झेरॉक्स केलेल्या अंकात पंथबिंथाचं काही छापून आलं आणि कुणी बोट दाखवलं, तर संपादक कोण? विनायक देशपांडे. मग मी सरांना न विचारता त्यांच्या लेखाच्या डोक्यावर एक चौकट टाकली: 'पुढील लेख केवळ मनोरंजनासाठी आहे. यातली मतं कुणी खरी मानावीत असा आग्रह नाही. वाचताना गंमत वाटली तरी पुरे.' खाली नाव घातलं नाही. संपादकाचं नाव अंकाच्या पाठीमागे होतंच, पुन्हा कशाला, असं मी मनाशी म्हणालो. त्या क्षणी मला मी अतिशय हुशार वाटलो.

प्रती काढायला गेलो पारकरभाईंकडे. रत्नागिरीचे, सूक वाकिफ बाजाराजवळ त्यांचं स्टेशनरीचं दुकान आणि मागे झेरॉक्स मशीन. पारकरभाई येणारा प्रत्येक कागद वाचत, कारण दुकानात वाचायला दुसरं मराठी काही नसे. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "ही वरची टीप त्रिभुवनसायबांची नाय वाटत. त्यांची भाषा अशी पाणचट नसते."

"असू दे हो, पारकरभाई."

"मग खाली नाव नाय घातलंव? ज्याचं त्याचं नाव असलेलं बरं. लोकांना वाटेल तेच बोलतायत."

मी म्हणालो, "यल्ला, उरका, चाळीस प्रती काढा." पारकरभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गला छापखान्यात एक पारकरभाई असते, तर कदाचित बरं झालं असतं. पण मग माझ्यासारख्याने त्यांनाही यल्लाच म्हटलं असतं.

लेख वाचून लेले म्हणाले, "गमतीदार आहे." चौकट सगळ्यांनी वाचली होती. लेख किती जणांनी वाचला, देव जाणे. व्हिलातल्या एका मराठी गृहस्थाने ती चौकट भाषांतर करून ब्रदर कुरियनना ऐकवली आणि पुढचं सगळं त्या शुक्रवारी घडलं. मी तिथे नव्हतो. संध्याकाळी काकूंनी मला सांगितलं, मी त्यांच्याच घरी बसून त्यांनी दिलेला चिवडा खात असताना.

कुरियननी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ब्रदर त्रिभुवन यांनी खुलासा छापला आहे, लेख मनोरंजनासाठी होता, प्रभूची स्तुती असो, मराठीचा अर्धा तास चालू राहील. लोक 'आमेन' म्हणाले. काकूंच्या जिवात जीव आला. सर मराठी बायबल हातात घेऊन पुढे गेले, वाचायला म्हणून. आणि वाचण्याऐवजी म्हणाले, "वो टीप मेरी नहीं है. लेख मेरा है. पूरा." कुरियननी विचारलं, मग टीप कुणाची? सर म्हणाले, "जिसने लिखी है, वो बताएगा."

मराठीचा अर्धा तास त्या दिवशी 'फिलहाल के लिए' बंद झाला. सर दोह्यात होते तोवर तो पुन्हा सुरू झाला नाही. "यांना गप्प बसता आलं नाही का रे एक दिवस?" काकू मला विचारत होत्या. "टीप कुणी का लिहिली असेना, आपलं काम तर होत होतं. आणि ज्याने लिहिली त्याचं नाव तरी सांगायचं. मला पण सांगत नाहीत. तुला काही बोललेत का?"

मी म्हणालो, "नाही, काकू." तोंडात चिवडा होता, तो चांगला झालाय असंही म्हणालो.

सर त्या वेळी आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. त्यांना सगळं ऐकू येत होतं हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. ते बाहेर आले, माझ्या ताटलीत आणखी चिवडा घातला आणि सोमवारच्या ड्रॉइंगांबद्दल बोलू लागले. मला रागावले असते तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. रागावले असते तर मी कारणं दिली असती.

पुढची पाचसहा वर्षं आम्ही रोज भेटत होतो. करक चहा तसाच, शिक्के तसेच, लेल्यांची टिंगल तशीच. शुक्रवारी ते व्हिलात जात, मागच्या खुर्चीवर बसत आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी काकूंना एकट्यांना मराठी शास्त्रपाठ वाचून दाखवत. भजनं दोघं म्हणत. मुलीने एकदा मला सांगितलं, "दे आर सो ऑफ-की, अंकल." मी हसलो. लाज वाटली आणि हसलो. दोन्ही एकदम जमण्यात तोवर माझा हात बसला होता.

ते कायमचे परत निघाले तेव्हा पुस्तकं खोक्यांत भरायला मी गेलो. काकू शेजारणींचा निरोप घ्यायला खाली गेल्या होत्या. टेप लावता लावता मी शेवटी विचारलं, "सर, तुम्ही माझं नाव का सांगितलं नाहीत?"

"तुझं नाव मी कसं सांगणार? ते तुझ्याकडे आहे."

"पण अर्धा तास गेला तुमचा."

"माझा नाही, सुमतीचा गेला. म्हणून तर मला सांगून उपयोग नाही." त्यांनी खोक्यावर मार्करने आकडा घातला. मग त्यांना जुना विषय मिळाल्यासारखं झालं. "त्या न्यूरेंबर्गच्या पाद्र्याचं नाव चव्हाट्यावर यायला साठ-पासष्ट वर्षं लागली, माहितीये? आणलं तेही आमच्याच एका गणित्याने. त्याला पाद्री व्हायचं होतं, आणि पंथाच्या एका मसुद्यावर सही करत नाही म्हणून आमच्याच चर्चने त्याला प्रभुभोजनाच्या विधीला बसू दिलं नाही. सगळे आमचेच! सोडवणारे आमचे, बुडवणारे आमचे." ते हसले. "साठ-पासष्ट वर्षं. तू तरुण आहेस, तुझ्याकडे वेळ आहे."

मला वाटलं त्यांनी मला माफ केलं. हे लिहिलेलं आता वाचून बघताना तसं कुठे म्हटलेलं दिसत नाही.

सर नगरला परतून चार वर्षांनी वारले. काकूंचा फोन आला होता. शेवटच्या आजारात सरांनी तो झेरॉक्स अंक कपाटातून काढून मागितला, असं त्या म्हणाल्या. चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवायला लावली आणि मग लेख वाचून दाखव म्हणाले. काकूंनी पाच दिवस थोडा थोडा वाचला. "मला त्यातलं फार काही कळलं नाही, पण पृथ्वी फिरते ते पटलं," त्या म्हणाल्या. आणि नंतर, काही मनात नसताना, अगदी सहज: "ती टीप कोणी लिहिली ते शेवटपर्यंत बोलले नाहीत बघ." मी फोनवर म्हणालो, "हो ना, काकू." त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सुमतीकाकू नगरला मुलीपाशी असतात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मोठ्याने वाचून दाखवलं की सगळं नीट कळतं. हे लिखाण छापून आलं की पहिला अंक मी स्वतः घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे आणि समोर बसून शेवटपर्यंत वाचणार आहे. ती टीप मी लिहिली होती, काकू.

विनायक देशपांडे